ओलीस न घेता आलेला राजा: स्वीडनचं राज्य कसं जुळत गेलं

साधारण ११३० च्या सुमाराची गोष्ट. राग्नवाल्ड नावाचा राजा आपल्याच राज्यातल्या एका प्रांतात शिरला आणि तिथून जिवंत परतला नाही. प्रांताचं नाव पश्चिम योतलांड, गाव कार्लेबी. पुढे शंभरेक वर्षांनी त्या प्रांतात राजांची एक यादी लिहिली गेली. तिच्यात राग्नवाल्डचा गुन्हा एका ओळीत दिला आहे: तो ओलीस न घेता आला, सगळ्या पश्चिम योतांचा त्याने असा अपमान केला, म्हणून लाजिरवाण्या मरणाने मेला. यादीची पुढची ओळ तर फारच मजेशीर आहे. त्याच्यानंतर गादीवर कोण बसलं हे ती सांगतच नाही. एका भल्या कायदेपंडिताने आणि सरदारांनी मिळून प्रांत चालवला आणि सगळे आपल्या भूमीशी इमानाने वागले, असं म्हणून मोकळी होते. राजा नव्हता, पण कुणाचं काही अडलं नाही.

ओलीस घेणं हा अपमान, हे आपल्याला कळतं. इथे ओलीस न घेणं हा अपमान आहे. हे कोडं सुटलं की स्वीडन नावाचा देश कसा झाला, ते बरंचसं सुटतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आजच्या स्वीडनच्या दक्षिण अर्ध्या भागात हजारेक वर्षांपूर्वी दोन मोठे लोकसमूह राहत होते. उत्तरेकडे, आजच्या स्टॉकहोम आणि उप्सालाच्या आसपास, स्वेआर. त्यांच्या दक्षिणेला, व्हेनर्न आणि व्हेटर्न या दोन प्रचंड तळ्यांच्या भोवती, योतार. योतार पुन्हा दोन ठिकाणी विभागलेले: व्हेटर्नच्या पश्चिमेचे आणि पूर्वेचे. स्वेआर आणि योतार यांच्या मधे तिवेदेन आणि कोलमोर्देन ही घनदाट जंगलं. रस्ते नाहीत, लुटारूंची भीती आणि चालत गेलं तर दिवसच्या दिवस जाणार.

त्या काळचा स्कँडिनेव्हिया समजून घ्यायचा तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: पाणी माणसांना जोडतं आणि जंगल तोडतं. आपल्याला नदी ही सीमा वाटते. तिथे नदी, खाडी, तळं हाच हमरस्ता होता. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून घसरगाडी. म्हणून एका तळ्याभोवतीची गावं एकमेकांची आपली होत आणि जंगलापलीकडचा शेजारी परका राही. दक्षिणेकडच्या एका प्रांताचं नावच स्मोलांड, म्हणजे 'लहान लहान भूमी'. जंगलातल्या मोकळ्या पट्ट्यांत वसलेले, आपापला कारभार बघणारे छोटे मुलूख.

या लोकांना 'टोळ्या' म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द अर्धाच पटतो. टोळी म्हटलं की एका रक्ताची, एका पूर्वजाची माणसं डोळ्यांपुढे येतात. स्वेआर आणि योतार एकच भाषा बोलत, त्याच देवांना पूजत, सारखीच घरं बांधत. वेगळेपण होतं ते कायद्याचं. प्रत्येक मुलखाची आपली सभा असे, तिला 'थिंग' म्हणत. हत्यार बाळगणारे स्वतंत्र शेतकरी उघड्या माळावर जमत आणि तंटे सोडवत. कायदा लिहिलेला नव्हता. तो 'लागमान' नावाच्या माणसाच्या डोक्यात असे आणि सभेपुढे तो तोंडपाठ म्हणून दाखवी. राग्नवाल्डनंतर प्रांत चालवणारा 'भला कायदेपंडित' तो हाच. म्हणजे तुम्ही कोण, याचं उत्तर 'माझा तंटा ज्या थिंगपुढे चालतो, तिथला' असं होतं.

स्वेआरांचा पहिला लेखी उल्लेख रोमन इतिहासकार टॅसिटसचा, इसवी सन ९८ चा. त्यांना तो 'सुइओनेस' म्हणतो. त्यांच्याकडे माणसं आहेत, शस्त्रं आहेत, गलबतांचे ताफे आहेत. गलबतांना दोन्ही टोकांना नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक असतं, त्यामुळे वळवावं न लागता कुठल्याही बाजूने किनाऱ्याला लागतं. हे सगळं त्याने ऐकीव लिहिलं आहे. पण दोन्ही टोकांना निमुळत्या होड्या उत्तरेत उत्खननात सापडल्या आहेत, तेव्हा ही ऐकीव माहिती बऱ्यापैकी चांगली होती म्हणायची.

पुढची काही शतकं कागदावर जवळजवळ मुकी आहेत, जमिनीखाली मात्र बोलकी. जुन्या उप्सालात सहाव्या शतकाच्या आसपास रचलेले तीन प्रचंड मातीचे ढिगारे आजही उभे आहेत. आत जाळलेल्या हाडांबरोबर सोन्याचे तुकडे निघाले. एवढी माती वाहायला माणसं जुंपू शकणारा कुणीतरी तिथे होता. आणि त्याच्याकडे सोनं येत कुठून होतं, याचा अंदाज स्टॉकहोमजवळच्या मेलारेन तळ्यातल्या हेल्ग्यो नावाच्या छोट्या बेटाने दिला. १९५० च्या दशकात तिथे खणताना एक कांस्याची बुद्धमूर्ती सापडली. उंची आठ-साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. पद्मासनात बसलेली, शांत. भारतीय उपखंडाच्या वायव्येला, स्वातच्या खोऱ्याकडे, सहाव्या शतकाच्या आसपास ती घडवली गेली असं मानतात. उप्सालाच्या राजांना बुद्ध कोण हे माहीत असायचं काही कारण नाही. पण ती मूर्ती कित्येक हात बदलत तिथवर पोचली, यातून व्यापाराचं जाळं किती लांब पसरलं होतं ते दिसतं.

त्या काळी मेलारेन हे तळं नव्हतंच, बाल्टिक समुद्राची खाडी होती. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली तिथली जमीन अजूनही हळूहळू वर येते आहे. व्हायकिंग काळात पाण्याची पातळी आजच्याहून सुमारे पाच मीटर वर होती. म्हणजे खाडीच्या तोंडावर ज्याचा ताबा, त्याच्या हातात आतल्या सगळ्या गावांच्या व्यापाराची किल्ली. कातडी, लोखंड, गुलाम बाहेर जात. चांदी, काच, रेशीम आत येई. आठव्या शतकाच्या मध्यावर याच पाण्यात बिर्का हे बेटावरचं व्यापारी गाव उभं राहिलं. स्वेआर राजांची खरी ताकद जमिनीपेक्षा या पाण्यात होती.

पण ताकद म्हणजे सत्ता नव्हे. बिर्काचीच एक गोष्ट सांगतो.

आन्सगार नावाचा ख्रिस्ती धर्मप्रचारक पहिल्यांदा ८३० च्या सुमाराला आणि पुन्हा ८५२ च्या आसपास बिर्काला आला. दुसऱ्या खेपेला तिथे ओलोफ नावाचा राजा होता. आन्सगारने त्याच्याकडे धर्म शिकवायची परवानगी मागितली. राजा म्हणाला, मला चालेल, पण मला एकट्याला हे ठरवता येत नाही. आधी कौल लावावा लागेल, मग लोकांना विचारावं लागेल. सरदार माळावर गेले, त्यांनी कौल लावला, तो अनुकूल आला. मग बिर्काला सभा भरली. गोंगाट झाला, वाद झाले. शेवटी एक म्हातारा उठला आणि म्हणाला, समुद्रात वादळात सापडलेल्या आपल्यातल्या कितीजणांना या देवाने तारलंय. आपले देव रुसले तर हा एक हाताशी असलेला बरा. लोकांना पटलं. इतकं झाल्यावरही राजा आन्सगारला म्हणतो, थांब, राज्याच्या दुसऱ्या भागात वेगळी सभा आहे, तिथेही विचारायला हवं. ती सभा झाली, तिनेही हो म्हटलं, आणि मग कुठे परवानगी मिळाली.

हे सगळं आन्सगारचा शिष्य रिंबर्ट याने लिहून ठेवलं आहे, आणि त्यात गुरूचं कौतुक भरपूर आहे. तरी राजाच्या तोंडचं हे अवघडलेलं 'मला विचारावं लागेल' खोटं रचण्यात त्याला काही फायदा नव्हता. एका देशात दोन सभा, आणि एकीचा निर्णय दुसरीला बांधील नाही. पुढची पाचशे वर्षं स्वीडनच्या प्रत्येक राजापुढे याच अडचणीचं कुठलं ना कुठलं रूप उभं राहिलं.

स्वेआर आणि योतार या दोघांवरही राज्य केल्याचं ज्याच्याबद्दल खात्रीने सांगता येतं असा पहिला राजा ओलोफ श्योतकोनुंग. साधारण ९९५ ते १०२२. स्वीडनमधली पहिली नाणी त्याने मेलारेनकाठच्या सिग्तुना गावात पाडली; इंग्लंडहून कारागीर आणले आणि इंग्लंडच्या राजाच्या नाण्यांचीच नक्कल केली. तो ख्रिस्ती झाला. परंपरा सांगते की त्याचा बाप्तिस्मा पश्चिम योतलांडातल्या हुसाबी गावी झाला. पहिली बिशपची गादीही त्याच प्रांतात, स्कारा इथे बसली. म्हणजे नाणी उत्तरेला पाडायची आणि देव दक्षिणेला बदलायचा, असा दुहेरी संसार.

शाळेच्या पुस्तकाच्या हिशेबाने इथे 'राज्य स्थापन झालं' असं लिहून धडा संपवता येईल. पण ओलोफच्या मुलाच्या काळात, १०३० च्या सुमाराला नाणी पाडणं बंद झालं आणि शंभराहून अधिक वर्षं बंदच राहिलं. ज्या राज्याला नाणी पाडणं परवडत नाही किंवा गरजेचं वाटत नाही, ते किती राज्य होतं? दोन्ही लोकांनी एकाच माणसाला राजा मानलं होतं, इतकंच. तो गेला की बोलणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या बोलण्यांत धर्मही अडसर होऊन बसला होता. उप्सालाला जुन्या देवांचे उत्सव चालत आणि त्यात बळी देणं हे राजाचं काम. राजघराणं आता पश्चिम योतलांडातलं आणि ख्रिस्ती. सागांमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या वीरकथांमध्ये, अशी कथा आहे की १०८० च्या सुमाराला राजा इंगेने बळी द्यायला नकार दिला. स्वेआरांनी त्याला सांगितलं, जुनी रीत पाळ नाहीतर गादी सोड. तो ऐकेना, तेव्हा दगड मारून त्याला सभेतून हुसकलं. त्याचा मेहुणा स्वेन पुढे आला आणि म्हणाला, मी देतो बळी. त्याला राजा केलं. इंगे आपल्या माणसांत, योतलांडात जाऊन राहिला आणि तीन वर्षांनी परत येऊन त्याने स्वेनला मारलं. तपशील सागांचे आहेत, दीडशे-दोनशे वर्षांनी लिहिलेले. जरा जपूनच घ्यावेत. पण राजाला हाकलता येतं ही गोष्ट कुणालाच आश्चर्याची वाटत नाही, हे लक्षात घ्या.

आता राग्नवाल्डच्या कोड्याकडे येऊ. पश्चिम योतलांडाचा कायदा १२२० च्या दशकात लिहून काढला गेला. राजाबद्दलच्या कलमाची सुरुवात अशी: राजा निवडण्याचा आणि त्याला हाकलण्याचाही हक्क स्वेआरांचा. वाचून वाटतं, मग योतांच्या हातात राहिलं काय? पुढे वाचायचं. निवडलेल्या राजाने ओलिसांसह पूर्व योतलांडात यायचं. तिथून पश्चिम योतांच्या सभेकडे दूत पाठवायचे. मग लागमानने ओलीस नेमायचे, दोन प्रांताच्या दक्षिण भागातले, दोन उत्तर भागातले. त्यांच्यासोबत आणखी चार माणसं. या सगळ्यांनी आजच्या यॉनशॉपिंगजवळच्या युनाबेक नावाच्या ओढ्यापाशी राजाला भेटायचं. पूर्व योतांचे ओलीस तिथवर राजाबरोबर येणार आणि साक्ष देणार की हा माणूस रीतसर आमच्या मुलखातून आला. मग सभा. राजाने शपथ घ्यायची की तुमचा कायदा मोडणार नाही. त्यानंतर लागमान त्याला राजा म्हणून जाहीर करणार, आणि नव्या राजाने त्या आनंदात तीन गुन्हेगारांना माफी द्यायची, मात्र त्यांनी नीच कृत्य केलेलं नसावं.

डोळ्यांपुढे आणा. एक ओढा. या काठाला राजा आणि पूर्वेचे ओलीस, त्या काठाला पश्चिमेचे आठजण. राजाला एका मुलखाने दुसऱ्या मुलखाच्या हवाली करायचं, जवळजवळ पावती घेऊन. ओलीस म्हणजे त्या मुलखाने दिलेली हमी: आमच्या हद्दीत तुमच्या जिवाला काही झालं तर आमची ही माणसं तुमच्या हातात आहेत. ते न घेता राजा आत शिरला तर त्याचा अर्थ, मला तुमची हमी नको, तुमची परवानगीही नको, हा मुलूख माझाच आहे. राग्नवाल्डने नेमकं हेच केलं. स्वेआरांनी निवडलेला राजा आपोआप आमचाही राजा, हे पश्चिम योतांना मान्य नव्हतं. त्यांनी पुढे डॅनिश राजपुत्र मॅग्नुसला आपला राजा मानलं.

राजाच्या या फेरीला 'एरिक्सगाता' म्हणत. उप्सालाहून निघून सूर्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, एकेक प्रांत घेत पुन्हा उप्सालाच्या मुलखात यायचं. या फेरीला निव्वळ समारंभ म्हणणं मला पटत नाही. राजधानी नाही, नोकरशाही नाही, नकाशा नाही, अशा काळात राज्याची हद्द कुठवर, याचं उत्तर जिथवर राजाची फेरी होते तिथवर, एवढंच असणार.

हे ढिलं गाठोडं आवळलं गेलं ते बाराव्या-तेराव्या शतकात, आणि गंमत अशी की भाऊबंदकीसारख्या भांडणातून. स्वेर्केर आणि एरिक अशा दोन राजघराण्यांत शंभरेक वर्षं खून पाडण्याची शर्यत चालली. राजा स्वेर्केर ११५६ मध्ये नाताळच्या पहाटेच्या प्रार्थनेला जात असताना मारला गेला. राजा एरिक ११६० मध्ये उप्सालात मारला गेला. त्याला पुढे संत मानलं गेलं. स्वेर्केरच्या मुलाला, कार्लला, एरिकच्या मुलाने ११६७ मध्ये व्हिसिंग्स्यो बेटावर संपवलं. या दोन्ही घराण्यांची मुळं योतलांडात होती, पण दोघांनाही स्वेआरांची गादी हवी होती. म्हणजे भांडण 'तुमचं राज्य वेगळं, आमचं वेगळं' असं नव्हतंच. सगळं राज्य कुणाचं, यावर होतं. शंभर वर्षं ज्या वस्तूसाठी दोघे हातघाईवर येतात, ती वस्तू अखंड आहे हे दोघांनीही मानलेलं असतं. व्हिसिंग्स्यो हे बेटही बघा: व्हेटर्नच्या दक्षिण भागात, दोन्ही योतलांडांच्या सांध्यावर. तिथे राजांचा दगडी किल्ला होता.

दुसरा धागा चर्चचा. पूर्व योतलांडातल्या आल्व्हास्त्रा इथे ११४३ मध्ये सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ निघाला. ११६४ मध्ये त्याच मठातला स्तेफान उप्सालाचा पहिला आर्चबिशप झाला. जुन्या देवांच्या ठाण्यावर गादी, त्या गादीवर योतलांडातल्या मठाचा माणूस, आणि सत्ता दोन्हीकडच्या बिशपांवर. राजाच्या आधी चर्चने सगळा मुलूख एका हाताखाली आणला, असं म्हणायला हरकत नाही. पोपच्या कचेरीतून याच सुमाराला कार्लला आलेल्या पत्रात त्याला 'स्वेआर आणि योतांचा राजा' म्हटलं आहे. चर्चने लिहिणारी माणसंही दिली. तोंडी कायदा कागदावर यायला लागला तो यानंतर.

उरलेलं काम पैशाने आणि घोड्यांनी केलं. जुनी लढाई होड्यांची: प्रत्येक मुलखाने ठराविक होड्या आणि माणसं पुरवायची. युरोपात आता चिलखती घोडेस्वारांचे दिवस आले होते आणि असा स्वार शेतकऱ्याला परवडत नाही. १२४७ मध्ये स्पार्सेत्राच्या लढाईत उत्तरेकडच्या लोकांचा पराभव झाला आणि त्यांच्यावर कर बसला. पुढच्याच वर्षीपासून बिरियेर यार्लच्या हाती कारभार आला; यार्ल म्हणजे राजाखालोखालचा सरदार. तो १२६६ मध्ये मरेपर्यंत राहिला. त्याच्या काळात, १२५२ मध्ये, स्टॉकहोम हे नाव कागदावर पहिल्यांदा दिसतं, आणि ते वसलं होतं नेमकं मेलारेनच्या तोंडावर. किल्ली तीच, कुलूप नवं. त्याचा मुलगा राजा मॅग्नुस याने १२८० च्या सुमाराला ठरवलं की जो घोडा आणि चिलखत घेऊन राजाच्या सेवेला उभा राहील, त्याला कर माफ. झालं, शेतकऱ्यांच्या देशात उमराव वर्ग तयार झाला.

सगळेच मुलूख सारखे बांधले गेले नाहीत. गोटलांड बेटाने वर्षाला साठ मार्क चांदी देऊन आपला कारभार आपल्याकडेच ठेवला होता. अगदी दक्षिणेचा स्कोनेचा सुपीक पट्टा डेन्मार्ककडे होता, तो १६५८ मध्ये स्वीडनला मिळाला.

राग्नवाल्डच्या गाठीची उकल झाली ती चौदाव्या शतकात. १३१९ मध्ये उप्सालाजवळच्या मोरा इथल्या माळावर मॅग्नुस एरिकसनला राजा निवडलं, तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तीन वर्षांच्या मुलाला राजा करणं म्हणजे कारभार मोठ्यांनी आपल्या हातात ठेवणं. त्याच वर्षी लोकांच्या संमतीशिवाय नवे कर नाहीत, असं लेखी वचनही त्यांनी घेऊन टाकलं. हाच मॅग्नुस मोठा झाल्यावर, १३५० च्या सुमाराला, सगळ्या प्रांतांसाठी मिळून एक कायदा तयार झाला. त्यात राजाची निवड मोरालाच ठेवली. पण आता प्रत्येक प्रांताच्या लागमानने बारा माणसं घेऊन तिथे यायचं होतं. पहिलं मत उत्तरेच्या लागमानाचं, मग इतरांचं. निवडणारे स्वेआर आणि मानणारे किंवा मारणारे योतार, ही फाळणी मिटली. फेरी त्यानंतरही होत राहिली, कारण शपथ प्रत्येक मुलखाला आपल्या अंगणातच ऐकायची होती.

स्वीडनच्या राजाच्या अधिकृत बिरुदात 'स्वीडनचा, योतांचा आणि वेंडांचा (बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्लाव्ह लोकांचा) राजा' असे शब्द विसाव्या शतकातही होते. १९७३ मध्ये कार्ल सोळावे गुस्ताव गादीवर आले तेव्हा त्यांनी ते काढून नुसतं 'स्वीडनचा राजा' एवढंच ठेवलं. ते वेगवेगळ्या जिल्ह्यांना भेटी द्यायला निघतात, त्या फेरीला मात्र तिथले लोक अजूनही एरिक्सगाताच म्हणतात.